पहिली परदेशवारी: पॅरिसचं डिस्नेलँड की जर्मनीतलं युरोपा-पार्क?

सांगलीहून पहिल्यांदाच निघताय आणि सोबत लहान पोरं, आजी-आजोबा असतील, तर मी डोळे झाकून डिस्नेलँड म्हणेन. पॅरिसमधून आरईआर ए या लोकल गाडीने साधारण 40 मिनिटं, आणि स्टेशन अगदी पार्कच्या दारात. बॅगा, भडंगाची पिशवी, पेंगुळलेली नातवंडं सांभाळताना हे फार मोलाचं ठरतं! शिवाय आयफेल टॉवर त्याच फेरीत.

युरोपा-पार्क हे मनोरंजन पार्क 1975 सालचं, रुस्ट गावातलं. रिंग्सहाइम रेल्वे स्टेशनला उतरून पुढे बस. पण घरात कॉलेजची मुलं असतील तर तिकडेच जा. तिथला सिल्व्हर स्टार रोलरकोस्टर 73 मीटर उंच आहे! हिवाळ्यात मात्र हे पार्क काही काळ बंद असतं.

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकच व्हिसा, दोन्हीकडे चालतो. मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करा. 30,000 युरोंचा प्रवास विमा हवाच.