रवाल चालीच्या घोड्यांसाठी माउंटेड गेम्सचा तयार संच: काय वापरावं, काय बदलावं

माउंटेड गेम्स म्हणजे घोड्यावर बसून खेळायचे शर्यतीचे खेळ. ऑनलाइन मिळणाऱ्या त्यांच्या संचात साधारण हे येतं: रबरी बैठकीचे पाच खांब, पाच झेंडे, झेंडे खोवायचा शंकू, चार मग, एक बादली, टेनिसचे चेंडू आणि दोन पोती. माल चांगला आहे. पण मुळात हे खेळ चटकन वळणाऱ्या, भरधाव सुटणाऱ्या लहान चणीच्या पोनींचे. आंतरराष्ट्रीय नियमांत 60 इंचांपेक्षा उंच घोडा चालतच नाही. आपल्याकडच्या मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची खरी शान रवाल चालीत आहे. म्हणून संच जरूर घ्यावा, मात्र खेळाचे नियम आपले आपण बांधावेत.

रवालीत चारही टापा सुट्या पडतात: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. स्वार खोगिरावर उसळत नाही. तेव्हा घड्याळ लावून शर्यत घेतली की घोडा चाल सोडून पळायला लागतो आणि त्याचा सगळा गुण वाया जातो. गुण वेगाला न देता चाल टिकवण्याला द्यावेत. चाल मोडली की एक गुण वजा. पंचाने कान वापरावा. कडक जमिनीवर सारख्या अंतराने चार ठोके ऐकू आले तर रवाल, दोन-दोनच्या जोडीने आले तर चाल बिघडली. वाळूत टापा ऐकू येत नाहीत, तिथे स्वाराच्या हेल्मेटकडे बघावं. ते वरखाली झालं की घोडा दुडकीवर आला, डावी-उजवीकडे डुललं की एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडताहेत.

खांबांमधलं अंतर पोनींसाठी 7 ते 9 मीटर ठेवतात. रवालीसाठी ते 10-11 मीटर करावं. वळण फार आवळलं की घोड्याला आतला मागचा पाय पोटाखाली नीट आणता येत नाही, आणि तिथेच ठेका तुटतो. खांब यायच्या दोन पावलं आधी बैठक खोल करावी, नजर पुढच्या खांबावर न्यावी आणि बाहेरच्या पायाने घोडा वळवावा. आतला लगाम ओढून वळवलेला घोडा मान वर टाकतो, पाठ खाली जाते, रवाल गेली. संचातल्या खांबांच्या रबरी बैठका मात्र हलक्या आहेत. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की खांब आडवे. पोकळ बैठकीत कोरडी वाळू भरली की भागतं. सिमेंट ओतू नये. टाप लागली की खांब पडलाच पाहिजे, नाहीतर घोड्याचा पाय दुखावतो.

सगळ्यात रंगतो तो मगाचा खेळ. आइसलँडमध्ये टोल्ट या रवालीसारख्या चालीच्या घोड्यावर काठोकाठ भरलेला बियरचा मग घेऊन हा खेळ खेळतात, आणि तो रवालीला तंतोतंत लागू पडतो. मगात काठाखाली एक बोट राहील इतकं पाणी भरायचं, 40 मीटर जाऊन खांबाला वळसा घालून परत यायचं, उरलेलं पाणी मापी भांड्यात मोजायचं. कोपर अंगाशी पण सैल असावं. ताठ धरलं की घोड्याचं प्रत्येक पाऊल थेट मगात उतरतं. काचेचा ग्लास अजिबात नको. याच्या जोडीला संचात नसलेला एक खेळ घ्यावा: मांडी आणि खोगीर यांच्यामध्ये दहाची नोट धरायची आणि फेरी मारायची. मांड पक्की कोणाची हे लगेच कळतं. लिंबू-चमच्यासाठी करवंटीचा डवला उत्तम, गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळून जातो.

पोत्यांचे खेळ सोडून द्यावेत. उंच घोड्यावरून पुन्हा पुन्हा उडी मारण्यात मजा कमी, गुडघ्यांचे हाल जास्त.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. या खेळांत लगाम एका हातात असतो आणि तोल गेला की सगळा झटका घोड्याच्या तोंडाला बसतो. काटेरी लगाम घातलेला घोडा खेळात घेऊच नये. 1965 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक नियमांनी त्याला बंदी आहे, तरी तो अजून दिसतो.

जागा निवडताना चिऱ्याच्या खडीचं मैदान टाळा, खडे टापेच्या तळव्याला बोचतात. कापणीनंतरचं शेत चालेल, पण मातीला भेगा पडायच्या आत. कोरड्या खोल वाळूत पायाच्या शिरांवर ताण येतो. ओहोटीची ओली, घट्ट वाळू चांगली. गोव्यातल्या मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, तिथे खांब रोवायचा विचारही नको. उकाडा बघता नऊच्या आत खेळ आटपावा.

झेंड्यांच्या काठ्यांची टोकं उघडी येतात, त्यांवर रबरी टोप्या चढवाव्यात. फडफडणारा झेंडा घोड्याला आधी जमिनीवर उभं राहून दाखवावा, मानेला, खांद्याला हळूच लावावा, मगच वर बसून हातात घ्यावा. खेळ झाल्यावर सामान गोड्या पाण्याने धुवून सावलीत ठेवावं. खाऱ्या हवेत स्क्रू गंजतात आणि उन्हात राहिलेले पीव्हीसीचे खांब ठिसूळ होतात.