पिको किट: बोर्ड झकास, पुस्तिकेतला कोड मात्र भरवशाचा नाही

भाचीला सुट्टीत काहीतरी उद्योग हवा म्हणून हे किट मागवलं, रास्पबेरी पाय पिको (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा बोर्ड), डीएचटी११ हा तापमान मोजणारा सेन्सर, सोल्डर न करता वायरी खोचायचा ब्रेडबोर्ड आणि मूठभर जंपर वायर. बोर्डाबद्दल तक्रारच नाही. यूएसबी लावली, थॉनी या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधून मायक्रोपायथन (छोट्या बोर्डांसाठीचं पायथन) टाकून छोटासा प्रोग्राम चालवला की एलईडी लुकलुकायला लागतो, पोरगी जाम खूश.

घोळ झाला गच्चीवर. पुस्तिकेतला तापमानाचा कोड मेन डॉट पीवाय नावाने सेव्ह केला (या नावाची फाइल वीज मिळताच आपोआप चालते), मोबाईलच्या चार्जरवर रात्रभर ठेवला, सकाळी बघतो तर फाइलमध्ये ३९ नोंदी आणि पुढे सामसूम. लॅपटॉपला लावून परत चालवल्यावर कळलं, ओएसएरर ११०, म्हणजे टाइमआउट, सेन्सरचं उत्तर वेळेत आलं नाही. हा सेन्सर अधूनमधून उत्तरच देत नाही, वायर ढिली असली किंवा सेकंदाच्या आत दोनदा विचारलं तर जास्तच. एरर पकडला नाही की प्रोग्राम तिथेच बंद, आणि बोर्डाला स्क्रीनच नाही तर सांगणार कोणाला? एरर पकडायला पायथनमध्ये ट्राय-एक्सेप्ट असतं, ट्रायमधल्या कोडला एरर आला की प्रोग्राम बंद न पडता एक्सेप्टखालचं चालतं; पुस्तिकेत त्याचा एक शब्द नाही राव.

मग मी शहाणपणा केला, लूपच्या आतलं सगळं ट्रायमध्ये घातलं आणि खाली नुसतं एक्सेप्ट, पास, म्हणजे कुठलाही एरर आला तरी काही न करता पुढे. आता थॉनीचं स्टॉप बटणही चालेना! कंट्रोल-सी दाबलं की कीबोर्डइंटरप्ट येतो, तोही आमचा एक्सेप्ट गिळत होता. शेवटी बोर्डावरचं बूटसेल बटण दाबून फ्लॅश न्यूक ही मेमरी पुसणारी फाइल टाकली, नोंदींसकट सगळं साफ. भाची दोन तास बोलली नाही.

पुढे एक्सेप्ट ओएसएरर लिहिलं, म्हणजे फक्त तोच एरर पकडायचा, आठवडाभर चाललं आणि परत मेलं, कारण चेकसम (रीडिंग नीट पोचलं का हे तपासायचा आकडा) चुकला की सेन्सर वाचणारी लायब्ररी ओएसएरर देत नाही, साधं एक्सेप्शन देते. म्हणून आता एक्सेप्ट एक्सेप्शन. त्यात कीबोर्डइंटरप्ट अडकत नाही. पण ट्रायमध्ये फक्त मेझरवाली, म्हणजे सेन्सरला रीडिंग विचारणारी, एकच ओळ, नाहीतर स्पेलिंगच्या चुकाही गुपचूप पचतात. रीडिंग चुकलं की एलईडी तीनदा लुकलुकतो, एरर फाइलीत जातो, दोन सेकंद थांबून परत विचारतो, सलग दहादा चुकलं तर मशीन रिसेट, म्हणजे बोर्ड परत पहिल्यापासून सुरू. तीन आठवडे झाले, चालूये.

बोर्डाला ५ पैकी ५, पुस्तिकेला १, तोही चित्रांसाठी. विकणाऱ्याला मेसेज टाकला होता, "सेन्सर बदलून देतो" म्हणाला, अरे पण सेन्सर ठीके!