इस्लामी न्यायशास्त्राच्या अभ्यासकासाठी ‘अल-मक्तबा अश-शामिला’

इस्लामी न्यायशास्त्र, म्हणजेच फिकह, हा विषय घेऊन कोल्हापुरात संशोधन करणाऱ्यासमोर पहिला प्रश्न मूळ ग्रंथांचा असतो. मुस्लिम कायद्यावरची इंग्रजी पाठ्यपुस्तके येथे सहज मिळतात, परंतु ती ज्या अरबी ग्रंथांवर उभी आहेत ते हाती लागणे कठीण. ‘अल-मक्तबा अश-शामिला’ या विनामूल्य संगणकीय ग्रंथालयाने ही उणीव मोठ्या प्रमाणात भरून काढली आहे. हनफी, मालिकी, शाफिई आणि हंबली या चारही पंथांचे हजारो ग्रंथ त्यात आहेत आणि एकदा उतरवून घेतले की ते इंटरनेटशिवायही वाचता येतात.

या विषयातील संशोधनाचा रोख गेल्या काही दशकांत बदलला आहे. जोसेफ शाख्त यांच्या 1950 च्या ग्रंथानंतर फिकहचा उगम कसा झाला यावरच बराच काळ वाद चालला. वाएल हल्लाक यांनी 1984 मध्ये ‘इज्तिहादचे (मूळ स्रोतांवरून स्वतंत्र विचाराने नियम काढण्याचे) दार बंद झाले’ या समजुतीला आव्हान दिले आणि नंतरच्या शतकांतील टीकाग्रंथ, म्हणजे मूळ ग्रंथांवरील भाष्ये, व फतवे यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष अधिक वळले. या टीकाग्रंथांच्या वाचनासाठीच शामिला सर्वाधिक उपयोगी आहे.

एक उदाहरण देतो. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियमानुसार पती चार वर्षे बेपत्ता असल्यास पत्नीला विवाहविच्छेद मागता येतो. शामिलात मरगीनानींचा ‘हिदाया’ हा हनफी ग्रंथ उघडून बेपत्ता व्यक्तीचे प्रकरण काढावे. जन्मापासून 120 वर्षे पूर्ण झाल्यावर त्या व्यक्तीला मृत मानावे असे एक हनफी मत तेथे आहे, 90 वर्षांची सोयीची मर्यादाही आहे, आणि चार वर्षांनंतर काझीने पतिपत्नीला विभक्त करावे हे इमाम मालिक यांचे मतही तेथेच नोंदवलेले आहे. आपल्या कायद्याने जेथील बहुसंख्य मुस्लिम हनफी आहेत अशा देशात मालिकी मत का स्वीकारले, हा प्रश्न पाठ्यपुस्तकातील एका वाक्याने कळत नाही. ही पाने वाचताना पती बेपत्ता असलेल्या स्त्रियांची कोंडी डोळ्यांसमोर उभी राहते.

शामिलातील शब्दशोधाची सोय मात्र जपून वापरावी. ‘हिदाया’तील वाक्य ‘फत्हुल कदीर’, ‘अल-इनाया’ आणि ‘अल-बिनाया’ या टीकांतही उद्धृत होते, त्यामुळे तेच वाक्य अनेक ठिकाणी दिसते. त्यावरून अनेक फकीहांचे (फिकहच्या पंडितांचे) एकमत गृहीत धरणे ही गंभीर चूक ठरेल. प्रबंधात संदर्भ देण्यापूर्वी ग्रंथाच्या माहितीपत्रावर पृष्ठक्रमांक छापील आवृत्तीशी जुळतात असे नमूद आहे का ते पाहावे आणि शक्य असल्यास छापील प्रतही तपासावी. अरबी येत नसेल तर या ग्रंथालयाचा फारसा उपयोग नाही. अशा अभ्यासकाने मदरशात शिकलेल्या एखाद्या जाणकारासोबत बसून वाचन करावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

प्रत्यक्ष न्यायदानाचा अभ्यास ही आजच्या संशोधनाची तितकीच महत्त्वाची दिशा आहे आणि तिथे शामिला अपुरे पडते. मेहर, पोटगी आणि तलाकचे खटले आपल्या न्यायालयांच्या दप्तरांत आहेत, तर मराठी मुलखातील काझींच्या वतनांचे व्यवहार मोडी कागदांत. त्या विषयाकडे वळणाऱ्याने अरबीबरोबर मोडीचीही तयारी ठेवावी.