ख्याल ऐकायला सुरुवात कुठून करावी: किराणा की जयपूर?

नाट्यगीते आणि अभंग आवडीने ऐकणाऱ्या, पण बडा ख्याल (संथ लयीत राग सविस्तर मांडणारे गायन) सुरू झाला की हरवून जाणाऱ्या श्रोत्याला जाणकारांकडून बहुधा एकच सल्ला मिळतो: आधी किराणा घराणे (गायकीची एक परंपरा) ऐकावे, जयपूर-अत्रौली मागाहून. किराण्याचे गाणे सुरेल आणि जयपूरचे बुद्धिप्रधान, असा समज त्यामागे असतो. तो खोटा नाही. परंतु नव्या श्रोत्याने घराण्याच्या लौकिकापेक्षा आपण स्वतः कुठे अडतो हे पाहून निवड करावी, असे माझे ठाम मत आहे.

मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्यापासून सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी यांच्यापर्यंत आलेली किराण्याची गायकी एकेका स्वरावर मनसोक्त रेंगाळते. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन (तालाचा एक फेरा) येथे जवळजवळ मिनिटभर चालते. गायक मंद्र (खालच्या) सप्तकात उतरतो, मग एकेक स्वर जोडत वर येतो, आणि तार षड्ज (वरचा सा) लागेपर्यंत रागाचे रूप ऐकणाऱ्याच्या कानात पक्के बसलेले असते. ज्याला राग ओळखता येत नाही म्हणून परकेपणा वाटतो, त्याच्यासाठी याहून चांगली शिकवणी नाही. मात्र ज्याचा कान ठेक्यावर वाढला आहे, त्याला सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कधी येऊन गेली हेच उमगत नाही, आणि अर्ध्या तासाच्या बड्या ख्यालात तो दहाव्या मिनिटाला कंटाळतो.

अशा श्रोत्याने खुशाल जयपूरपासून आरंभ करावा. कोल्हापूरच्या दरबारी राहिलेल्या अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांची ही गायकी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या ध्वनिमुद्रणांतून आजही ऐकता येते. येथे ख्याल बहुतेक वेळा तीनतालात आणि मध्यलयीकडे झुकणाऱ्या विलंबितात असतो, आलापाची वीणही मात्रांना धरूनच होते, त्यामुळे मुखडा (बंदिशीचा समेवर आणणारा सुरुवातीचा तुकडा) लवकर लवकर परततो आणि बोटांवर मात्रा मोजणाऱ्यालाही समेची वाट पाहण्यातला आनंद पहिल्याच बैठकीत मिळू शकतो. अडचण दुसरीकडे आहे. या घराण्याला अनवट (क्वचित गायल्या जाणाऱ्या) आणि जोड (दोन राग मिळून झालेल्या) रागांची ओढ आहे. बसंती केदार ऐकताना वसंत कुठे संपला आणि केदार कुठे डोकावला, हे कळण्यासाठी ते दोन्ही राग आधी कानावरून गेलेले असावे लागतात. पेचदार तानांचा ओघही प्रथम दमवतो.

दोन्ही गायक्या शेजारी ठेवून पाहायच्या असतील तर मालकंसाचे उदाहरण उत्तम आहे. भीमसेनांचा मालकंस आठवडाभर ऐकावा. रागात पाचच स्वर असल्याने तो लवकर ओळखीचा होतो. त्यानंतर मन्सूर किंवा किशोरी आमोणकर यांचा संपूर्ण मालकंस लावावा. मालकंसात वर्ज्य असलेले ऋषभ आणि पंचम तेथे येतात, आणि ज्या क्षणी श्रोता ‘हा पंचम कसा आला?’ म्हणून थबकतो, त्या क्षणी त्याला जयपूरची बुद्धिप्रधानता म्हणजे काय ते समजते. तिला कोरडी म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही.

वेळ कमी असेल तर दोन्ही घराण्यांच्या जुन्या तबकड्या हाताशी आहेत. अब्दुल करीम खाँ आणि केसरबाई यांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडलेला आहे, आणि एकाच बैठकीत तो पुन्हा पुन्हा ऐकता येतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेली केसरबाईंची भैरवीसुद्धा साडेतीन मिनिटांचीच आहे. मात्र ध्वनिमुद्रण जुने असल्याने आवाजाची पूर्ण ताकद त्यात उतरत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आपण नेमके कशात अडतो हेच ज्याला ठरवता येत नाही, त्याने किशोरीताईंचा भूप निवडावा. मोगूबाईंची कन्या आणि शिष्या असूनही त्यांनी जयपूरच्या चौकटीत संथ, स्वराला कवटाळणारी आलापी आणली. भूपही पाच स्वरांचा आणि मराठी कानांच्या चांगल्या परिचयाचा. तो ऐकताना जीव आलापात रमला तर पुढे किराण्याकडे वळावे, आणि मन मुखड्याच्या प्रतीक्षेत राहिले तर मोगूबाईंच्या ध्वनिमुद्रणांकडे जावे.