सर्व्हर घेऊन गेलो, ४० रुपयाचा सेल टाकून आणला: एसटी स्टँडमागच्या कॉम्प्युटर रिपेरिंगचा रिव्ह्यू

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगवर मी कॉम्प्युटरचं पाहतो. एकाच डब्यात (म्हणजे सर्व्हरमध्ये) डेबियन लिनक्स अन त्यावर केव्हीएमचे दोन व्हीएम, म्हणजे आतल्या आत चालणारे दोन आभासी कॉम्प्युटर, एकात कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, दुसऱ्यात विंडोज अन काट्याचं सॉफ्टवेअर. वजनकाट्याची सिरीयल वायर ज्या पीसीआय कार्डाला लागते ते कार्ड मी पासथ्रू करून, म्हणजे मधल्या डेबियनला बाजूला ठेवून, थेट विंडोजला दिलेलं आहे, तीन सीझन काही तक्रार नाही.

दसऱ्याच्या आधी, गाड्या यायच्या आत उरकून घ्यावं म्हणून डेबियन १२ चं १३ केलं, अन लगे हात डबा बंद करून, पिन काढून ब्लोअरनं आतली रुई उडवली (जिनिंगवरच्या मशीनमधून किती रुई निघते ते पाहिल्याशिवाय पटत नाही). चालू केला तं नेट नाही अन काट्याचा व्हीएम उठेना. एरर काय, तं हे होस्ट (म्हणजे खालचं डेबियनवालं मशीन) पीसीआय डिव्हाइसचा पासथ्रू सपोर्टच करत नाही. अरे बाप्पा, कालपर्यंत करत होतं ना!

मी सरळ अपग्रेडला शिव्या घातल्या. नेटवर्क कार्डाचं नाव ईएनपी२एस० चं ईएनपी३एस० झालेलं, ते सेटिंगमध्ये बदललं, नेट आलं. मग बूटच्या लॉगमध्ये दिसलं की पासथ्रू सांभाळणाऱ्या व्हीएफआयओचं व्हीएफआयओ_व्हीआयआरक्यूएफडी नावाचं मॉड्यूल सापडत नाही, त्याच्या मागं अर्धा दिवस घातला. ते मॉड्यूल कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ पासून व्हीएफआयओच्या मेन मॉड्यूलमध्येच विलीन झालंय, डेबियन १२ मध्ये ६.१ होता म्हणून वेगळं होतं, १३ मध्ये ६.१२ आहे म्हणून नाही, म्हणजे ती ओळ नुसती खोडायची होती. ग्रबमध्ये (बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) पासथ्रूला लागणारं इंटेल_आयओएमएमयू=ऑन आहे का तेही चारदा पाहिलं, होतंच. शेवटी बूट मेनूतून जुना कर्नल लावला तरी तीच एरर, म्हणजे दोष अपग्रेडचा नव्हता, खरं तं तिथंच माझी ट्यूब पेटायला पायजे होती.

शेठजी म्हणे अमरावतीवरून माणूस बोलव. त्याच्याआधी म्हटलं एकदा तालुक्याला दाखवून पाहू, डबा पोत्यात गुंडाळला अन गाडीवर मागं बांधून नेला.

दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली, प्रिंटरचा ढीग, दुकानवाल्या भाऊच्या तोंडात खर्रा. मी कर्नल, आयओएमएमयू, ग्रुप असं सगळं सांगायला लागलो तं भाऊ म्हणे, "मले हे तुमचं व्हीएम-फीएम नाई समजत, आधी बायोसात घड्याळ पाहू द्या." बायोस म्हणजे बोर्डाची स्वतःची सेटिंग, तिथं पाहिलं तं तारीख २०१८. "सेल मेला ना भाऊ, सेटिंग कुठून राह्यते?"

बस, झालं. बोर्डावरचा सीआर२०३२, म्हणजे पिन काढली तरी घड्याळ अन सेटिंग टिकवणारा बटणसेल, संपलेला. डबा बारा महिने चालू म्हणून कळलं नाही, पिन काढली तसं बायोस कोरं झालं. त्यात व्हीटी-डी (आयओएमएमयू चालू करायचं इंटेलचं सेटिंग) बंद, अन ते बंद तं आयओएमएमयू नाही, तं पासथ्रू कुठून होणार. सेल बदलला, व्हीटी-डी चालू केलं, मी घाईत तिथंच व्हीएम उठवला अन नेट गेलं! कारण मी कधीकाळी बंद केलेलं जास्तीचं साटा कंट्रोलर (हार्डडिस्क जोडायची चिप) बायोससोबत परत चालू झालं होतं, ते पीसीआयच्या ०२ नंबरवर बसलं अन बाकीचे एकेक घर पुढं सरकले. व्हीएमच्या सेटिंगमध्ये ०३ लिहिलेलं, तिथं आता नेटवर्क कार्ड, विंडोजनं तेच उचललं. सिरीयल कार्ड बिचारं ०४ वर. एलएसपीसीआय (कोणतं कार्ड कुठल्या नंबरवर ते दाखवणारी कमांड) मारून पाहिलं असतं तं दोन मिनिटांत दिसलं असतं.

भाऊ म्हणे, "जे आधी बंद होतं ते बंद करा ना." केलं, सगळे जागेवर. फक्त नेटवर्कचं नाव (त्यात तो नंबरच असतो) जे मी हुशारी करून बदललं होतं ते परत ईएनपी२एस० करावं लागलं.

पैसे: सेलचे ४०, कामाचे १०० मागितले, मीच १५० दिले. लाजेकाजेनं.

आता तक्रारी. दुपारी एक ते चार शटर बंद, तसं कुठं लिहिलेलं नाही, मी तासभर उन्हात बसलो. बिल मागितलं तं वहीच्या पानावर लिहून दिलं, शेठजीच्या मुनीमला ते चाललं नाही. एसएसडी, रॅम असलं सामान तिथं मिळत नाही, ऑर्डर द्या तं आठवडा. अन बसायला एकच खुर्ची, तिच्यावर प्रिंटर.

चार स्टार. सेलचं एक पाकीट घेऊन आलो, जिनिंगवरच्या बाकी डब्यांचे सेल या रविवारी बदलतो, पण आधी प्रत्येकाच्या बायोसचे मोबाइलवर फोटो काढून.