नागपुरातून मॅस्टोडॉन सर्व्हर चालवणं: आमच्या पक्षीवाल्या ग्रुपचा अनुभव आणि रिव्ह्यू

ग्रुपमधे एक तरी माणूस टर्मिनलला (कमांड टाइप करायच्या स्क्रीनला) घाबरत नसेल आणि तो गावाला गेला तर त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा कोणी असेल, तर मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं, पण स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं सोशल नेटवर्क) घ्याच, एक नंबर सॉफ्टवेअर आहे. पण एकदा टाकलं आणि विसरून गेलो असं होत नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

आमचा नागपूरचा पक्षी बघणाऱ्यांचा ग्रुप आहे. अंबाझरी, गोरेवाडा, उमरेड-कऱ्हांडला, मधेच कधी गोंदियाकडे सारस पाहायला, आणि या सगळ्याचे फोटो आधी मेसेजिंग ग्रुपवर पडायचे, तिथं फोटोचा पार चेंदामेंदा व्हायचा आणि मागच्या हिवाळ्यातली एखादी नोंद शोधायची म्हटलं की बसा अंगठा झिजवत. म्हणून आपली स्वतःची जागा पाहिजे असं ठरलं. मॅस्टोडॉन फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०१६ मधे जर्मनीच्या ऑयगन रोख्को यांनी सुरू केलं, आणि ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलवर चालतं त्यामुळं आपला सर्व्हर छोटासा असला तरी जगभरातल्या बाकी सर्व्हरवरच्या लोकांशी बोलता येतं.

पक्षीवाल्यांसाठी यात ज्या गोष्टी आहेत त्या खरंच भारी आहेत. फोटो १६ एमबीपर्यंत चढतो आणि ८.३ मेगापिक्सेलपर्यंत ठेवला जातो, म्हणजे ४के स्क्रीनवर पिसं न पिसं दिसतं. त्याहून मोठी गोष्ट, फोटो चढवताना त्याच्यातली जीपीएसची माहिती सर्व्हर काढून टाकतो. घरट्याचा फोटो टाकला आणि दुसऱ्या दिवशी तिथं कॅमेरेवाल्यांची गर्दी, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याची किंमत कळेल. आणि मराठीत लिहिणाऱ्यांसाठी सांगतो, पोस्टची मर्यादा ५०० अक्षरांची आहे पण काना-वेलांटी वेगळी मोजत नाही, 'कि' हे एकच अक्षर धरतं, त्यामुळं मराठीत ऐसपैस लिहिता येतं. देवनागरी हॅशटॅग पण चालतात, #सारस #अंबाझरी असं टाकलं की जुन्या नोंदी पटापट सापडतात. इंटरफेसचं मराठी भाषांतर मात्र अर्धवट आहे, मधेमधे इंग्रजी दिसतं. आमच्यातले वयानं मोठे काका-काकू तिथं अडतात, त्यांना एकदा शेजारी बसून दाखवावं लागतं.

आता सर्व्हर कुठं ठेवायचा. प्रत्येक मीटिंगला कोणीतरी म्हणतंच, "अरे घरी जुना पीसी पडला आहे ना, त्याच्यावरच टाक ना भाऊ." मी ठामपणे नाही म्हणतो. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर, आणि ज्या खोलीत कूलर चालून राहिला आहे तिथं दिवसभर ओलसर हवा आणि बाहेरची धूळ दोन्ही आत येऊन राहिली असते. जुन्या कॅबिनेटचा पंखा उघडून बघा एकदा उन्हाळ्यात, पात्यांवर धुळीचा ओला थर बसलेला असतो, नखानं खरवडला तरी निघत नाही. वर लाईट जाते, आणि घरच्या ब्रॉडबँडला बऱ्याचदा सीजीनॅट असतं म्हणजे बाहेरून सरळ तुमच्यापर्यंत येताच येत नाही. त्यापेक्षा मुंबई किंवा बेंगळुरूच्या डेटा सेंटरमधला व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर) घ्या. छोट्या ग्रुपला ४ जीबी रॅम पुरते, २ मधे चालू होतं पण अपडेटच्या वेळेला फार ओढाताण होते.

आतमधे काय काय चालतं ते थोडक्यात. वेबसाठी रेल्सचा प्युमा, लाइव्ह अपडेटसाठी नोडचा स्ट्रीमिंग सर्व्हर, डेटा पोस्टग्रेस डेटाबेसमधे, रांगा आणि फीड सांभाळणारं रेडिस, आणि मागं सगळी ओझी वाहणारा साइडकिक. हा साइडकिकच खरा जीव आहे याचा. कोणी पोस्ट टाकली की ती बाकी सर्व्हरला पोचवायची, बाहेरून आलेलं आत घ्यायचं, मेल पाठवायचे, सगळं रांगेत लागतं. एकदा आमच्यातल्या एकाच्या सारसच्या जोडीचा फोटो बाहेरच्या एका मोठ्या अकाउंटनं पुढं ढकलला आणि इकडं रांग वाढतच गेली, कारण जिथं जिथं तो फोटो पोचतो तो प्रत्येक सर्व्हर आपली स्वतःची कॉपी आपल्याकडून उचलून नेतो. तेवढ्यात मेसेज यायला लागले, "काहून फोटो चढून नाही राहिला भाऊ?" तेव्हापासून फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजवर (फाइली ठेवायची वेगळी भाड्याची जागा) आणि पुढं कॅश (तात्पुरत्या कॉप्या), सर्व्हरवर तो भार येतच नाही. साइडकिकचे प्रोसेस वाढवायचे तर वाढवा, पण शेड्युलर नावाची रांग एकाच प्रोसेसमधे ठेवायची, आणि पोस्टग्रेसची कनेक्शनं थ्रेडच्या (एका प्रोसेसमधे एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या) हिशोबानं द्यायची, नाहीतर नुसते थ्रेड वाढवून काही उपयोग नाही.

डिस्क हा नवीन लोकांना सगळ्यात जास्त चकवणारा विषय. माणसं मोजकी, फोटो मोजके, तरी डिस्क भरत जाते, कारण तुमची माणसं बाहेरच्या ज्यांना फॉलो करतात त्यांचे फोटो-व्हिडिओसुद्धा तुमच्या सर्व्हरवर कॅश होतात. टूटसीटीएल (tootctl, मॅस्टोडॉनचं ॲडमिनसाठीचं कमांड टूल) मीडिया युसेज ही कमांड चालवली की कळतं आपलं किती आणि बाहेरचं किती. ॲडमिनमधे मीडिया कॅश किती दिवस ठेवायचा ते टाकता येतं, आम्ही ७ दिवस ठेवलं आहे, त्यानंतर कोणी जुनी पोस्ट उघडली तर फोटो मूळ सर्व्हरवरून परत येतो. तिथंच खाली कंटेंट कॅशची वेगळी सेटिंग आहे, तिच्याकडं जाऊ नका, त्यानं बाहेरच्या पोस्टच उडतात आणि लोकांनी सेव्ह केलेलं, बूस्ट (म्हणजे पुढं शेअर) केलेलं त्यासोबत जातं. रिले (बऱ्याच सर्व्हरच्या पोस्ट एकमेकांना पोचवणारी सोय) जोडायच्या आधी पण विचार करा, टाइमलाइन भरलेली दिसते खरी पण साइडकिक आणि डिस्क दोघांचं कंबरडं मोडतं.

ईमेल पटकन उरकतो: बऱ्याच व्हीपीएस कंपन्या पोर्ट २५ (सर्व्हरवरून मेल बाहेर जायची वाट) बंद ठेवतात, त्यामुळं मेल पाठवणारी सर्व्हिस वेगळी घ्या, एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) नीट लावा, नाहीतर नवीन मेंबरचा कन्फर्मेशन मेल स्पॅममधे जाऊन बसतो आणि तो बिचारा वाट पाहत राहतो.

पैशाचं मात्र सविस्तर सांगावं लागेल कारण बाहेरदेशच्या लोकांनी लिहिलेल्या गाईडमधे हे नसतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (कार्डावरून आपोआप पैसे कापायच्या परवानगीचे) नियम कडक झाले आणि परदेशी कंपन्यांचं ऑटो पेमेंट आपल्या कार्डावरून फेल व्हायला लागलं. आधी आम्ही ज्या कंपनीकडं होतो, नाव घेत नाही, त्यांचं पेमेंट असंच अडकलं, त्यांनी एक मेल टाकला आणि सर्व्हर बंद, तिकिटाला उत्तर कॉपी-पेस्ट. ऐन स्थलांतराच्या सीझनमधे जागा बंद, माझा फार संताप झाला होता. आता जिथं आहोत तिथं आधीच पैसे भरून क्रेडिट ठेवता येतं आणि यूपीआय चालतं. कंपनी निवडताना स्पीड नंतर बघा, हे आधी बघा.

बॅकअप. यात मॅस्टोडॉनची कागदपत्रं खूप चांगली आहेत, स्पष्ट सांगतात काय वाचवायचं: पोस्टग्रेसचा डेटाबेस, एन्व्ह-प्रॉडक्शन नावाच्या सेटिंगच्या फाइलमधल्या गुप्त किल्ल्या, लोकांनी चढवलेल्या फाइल्स, आणि शेवटी रेडिस. रेडिस गेलं तरी फार बिघडत नाही, रांगेतली कामं जातात पण होम फीड टूटसीटीएल फीड्स बिल्डनं परत बनतात. किल्ल्या मात्र जपा, ४.३ पासून डेटाबेसमधल्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या पण त्याच फाइलमधे असतात, डेटाबेसचा डंप (पूर्ण कॉपी) आहे आणि ती फाइल नाही अशी वेळ येऊ देऊ नका. आमचा रोजचा डंप रेस्टिक नावाच्या बॅकअप प्रोग्रॅमनं दुसऱ्याच कंपनीच्या स्टोरेजवर जातो, एकाच कंपनीकडं सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही ठेवण्यात काही अर्थ नाही. आणि तासाच्या भाड्यानं एक सर्व्हर घेऊन रिस्टोअर करून बघत जा. तिथं साइडकिक चालू करायचा नाही, तो लगेच खऱ्या लोकांना खरे मेल आणि पोस्ट पाठवायला लागेल, फक्त वेब चालू करून फोटो आणि लॉगिन तपासायचं.

अपडेटला टाळाटाळ नको. जुलै २०२३ मधे एक भयंकर भोक सापडलं होतं, खास बनवलेली मीडिया फाइल पाठवून सर्व्हरवर पाहिजे तिथं फाइल लिहिता यायची, ते ४.१.३ मधे बुजवलं. मग फेब्रुवारी २०२४ मधे दुसऱ्याच्या अकाउंटची तोतयागिरी करता येण्याचं प्रकरण, ते ४.२.५ मधे. दोन्ही वेळा टीमनं पॅच लगेच दिला, यासाठी त्यांना पूर्ण मार्क. साइटचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या फुकट देणाऱ्या संस्थेचं, ९० दिवसांचं, आपोआप रिन्यू होतं, पण संपत आल्याचा मेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केला आहे म्हणून अपटाइम कुमा हे पहारा देणारं टूल लावून त्यावर नजर ठेवा.

पूर्ण मजकुरातला सर्च पाहिजे तर इलॅस्टिकसर्च वेगळं बसवावं लागतं आणि ते रॅम प्रचंड खातं. आम्ही नाही घेतलं, हॅशटॅगवर भागतं.

तुमचा ग्रुप चार-सहा जणांचाच असेल तर एवढा पसारा मांडू नका, गोटूसोशल बघा, मॅस्टोडॉनसारखंच पण छोटं, एकच प्रोग्रॅम, एसक्यूएलाइट या एका फाइलमधल्या डेटाबेसवर चालतो, रॅम फार कमी घेतो, फक्त त्याला स्वतःचं पोस्ट करायचं वेब पान नाही, मोबाइल ॲप वेगळं लावावं लागतं. दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी डोमेन आधी नीट ठरवा, सगळ्यांना विचारून, कारण सर्व्हर एकदा चालू झाला की ते बदलता येत नाही, आणि मॅस्टोडॉनवरून कोणी अकाउंट हलवलं तर फॉलोअर सोबत जातात, जुन्या पोस्ट जुन्याच जागी राहतात.