सेन्सरची जागा अंतरांवरून काढताना: ट्रायलॅटरेशन, एमडीएस की एसडीपी?

गोदामात पन्नासेक सेन्सर बसवलेत, त्यांच्यातली काही अंतरं मोजता येतात, आणि कोणता कुठे आहे ते शोधायचंय. छपराखाली जीपीएसचा भरवसा नाही. मग पद्धत कोणती घ्यायची?

माझं स्पष्ट मत: आधी मोजणी आणि अँकर (ज्यांची जागा आधीच माहीत आहे असे सेन्सर) बघा, पद्धत नंतर. समजा तीन अँकर (०,०), (१०,०) आणि (२०, ०.५) मीटरवर आहेत, म्हणजे जवळपास एका रेषेत. ज्याची जागा शोधायची तो नोड, म्हणजे सेन्सर, (१०,८) वर आहे. तो रेषेपलीकडे (१०,-८) वर असता, तरी पहिल्या दोन अँकरपासूनची अंतरं तीच राहिली असती. फरक फक्त तिसऱ्यात: १२.५० की १३.१२ मीटर. या ६२ सेंटीमीटरवर सगळं अवलंबून! सिग्नलच्या जोरावरून अंतर काढलं, तर चूक सहज काही मीटरची होते आणि नोड पलीकडे जाऊन पडतो. यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड) रेडिओ समोरासमोर दहा-वीस सेंटीमीटरपर्यंत अचूक असतो, तो हा फरक ओळखतो. अँकर रेषेत न ठेवता कोपऱ्यांत ठेवलेत, तर प्रश्न आणखी सोपा.

ट्रायलॅटरेशन, म्हणजे अँकरांपासूनच्या अंतरांवरून एकेका नोडची जागा काढणं, सगळ्यात हलकं, नोडवरच्या चिपवरही चालतं. प्रत्येक नोडला तीन-चार अँकर थेट दिसत असतील तर डोळे झाकून हेच घ्या. मात्र जागा ठरलेल्या नोडलाच पुढे अँकर करत गेलात, तर चूक साचत जाते.

एमडीएस (मल्टिडायमेन्शनल स्केलिंग) सगळ्या जोड्यांच्या अंतरांवरून एकदम नकाशा काढतं आणि थोड्या अँकरवर भागवतं. न मोजलेली अंतरं ते नेटवर्कमधल्या जवळच्या वाटेवरून धरतं. त्यामुळे काटकोनात वळलेल्या इमारतीत वळशाचं अंतर फुगतं आणि नकाशा वाकडा होतो.

बिस्वास आणि ये यांनी २००४ मध्ये मांडलेली एसडीपी (सेमीडेफिनिट प्रोग्रॅमिंग, सर्वोत्तम उत्तर शोधायचं एक गणिती तंत्र) पद्धत मोजलेल्या अंतरांवरच चालते, त्यामुळे अशा इमारतीत मला तीच बरी वाटते. पण तिला मध्यवर्ती संगणक लागतो, आणि मोजणीत चुका असल्या की अँकरांच्या घेऱ्याबाहेरचे नोड आत ओढले जातात. म्हणून अँकर कडेला लावा आणि आलेलं उत्तर लघुतम वर्गाने, म्हणजे मोजलेल्या आणि निघालेल्या अंतरांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून, घासून घ्या.

काहीही निवडलंत तरी आधी अंतरं मोजा. ५० नोडांचं जाळं ताठ राहायला, म्हणजे अंतरं तीच ठेवून त्याचा आकार हलू नये म्हणून, अँकरांमधली धरून, किमान ९७ अंतरं लागतात, आणि तेवढ्यानेही उत्तर एकच येईल असं नाही. शिवाय दोन-तीन नोडांची जागा टेपने मोजून बाजूला ठेवा, उत्तर त्यांच्याशी ताडून बघायला.